चिंगीला पोत्यात घालू नका

मखमलाबाद, गुरुवार
नोव्हेंबर १९९९

प्रिय मनीषा,

काल शेजारच्या वत्सलाबाईच्या फोनवर तू बोललीस, तेव्हा ती बया दारात कान लावून उभी होती, म्हणून मी नुसतं हं हं केलं. आता दुसरीपर्यंत शिकलेल्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नको. सकाळपासून दोनदा बसले न् दोनदा उठले. शेवंती तोडायची पडलीय, बायका हाका मारतायत, पण माझं चित्त तिकडं नाय. रविवारी जावईबापू चिंगीला पोत्यात घालून एकलहऱ्याकडं सोडून येणार, हे तू किती सहज सांगितलंस गं! जशी काय जुनी चप्पल टाकायचीय.

मांजर येऊन दहा दिवस झाले. दहा दिवसांत तुला तरी त्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमधलं कुठलं बटण कुठला दिवा लावतं ते कळलं होतं का? पलंगाखाली बसते म्हणून झाडूनं ढोसता, ते आधी बंद करा. लपली तर लपू दे. एक खोली तिची ठेवा, एक खोकं आडवं टाका, त्यात जुनं लुगडं घाला. खोलीत जायचं, पाठ करून बसायचं, मेथी निवडायची, तिच्याकडं बघायचंच नाय. डोळ्यात डोळे घालून बघितलं की मांजराला वाटतं ही आता झडप घालणार. ती आपणहून येऊन हात हुंगेल, तेव्हासुद्धा लगेच उचलायला जाऊ नको. शेपूट आपटायला लागली की हात मागं घ्यायचा. एवढं कळलं तर बोचकारणार नाय.

गादीवर मुतली म्हणून तिचं नाक त्यात घासलंत, हे कुणी शिकवलं? तिला एवढंच कळलं की तुम्ही वाईट. भ्यालेलं जनावर मुतणारच. गादी नीट धू, वास राहिला तर परत तिथंच जाईल. न् तू तिची वाळूची पाटी ताटलीला खेटून ठेवलीस म्हणालीस. तू जेवशील का संडासात बसून? पाटी लांबच्या कोपऱ्यात ने, रोज साफ कर. सोफा फाडते तर टेबलाच्या पायाला गोणपाट गुंडाळ, तिला नख्या घासायला काहीतरी लागतंच. वाटीभर दूध पाजू नको, ढाळ लागतील. भातात सुकट कुस्करून दे, रोज ठरल्या वेळी. महिनाभर दाराबाहेर सोडू नको. बास, यात काय अवघड आहे?

आता दुसरं. फोनवर दहा मिनिटं तू मांजराचं रडगाणं गायलीस, न् निकिताचं एकच सांगितलंस, "ती पण तसलीच, आजी. तोंडच उघडत नाय." अगं, सात वर्षांची पोर. आई मेली, दीड वर्ष पेठला आजोळी काढलं, न् आता बापाच्या घरी नवी बाई, तू. बरोबर आणलं काय, तर एक मांजर. तिला विचारलं का कुणी, रविवारी काय करणार आहात ते? का शाळेत गेली असताना उरकणार?

तुझ्या आजोबांशी माझं लग्न झालं तेव्हा तुझा बाप आठ वर्षांचा होता. हे तुला माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काय नाय. सोमनाथ माझ्याशी बोलायचा नाय, भाकरी घेऊन मळ्यात जायचा, मोटेजवळ बसून खायचा. त्याच्या आईनं पाळलेली एक मांजरी होती, काळी-पांढरी. निम्मी भाकर तिला. मला एकोणिसावं चाललेलं, डोकं तापट. मांजरीनं दह्याचं मडकं सांडलं. सासूबाई म्हणाल्या, टाकून ये.

मी टाकून आले. तेव्हाची रीत होती तशी, पोत्याचं तोंड बांधून जागच्या जागी तीन गिरक्या घेतल्या, म्हणजे तिला दिशा कळू नये, न् गंगेपलीकडं, गोदावरीच्या त्या काठाला सोडली. सोमनाथ शाळेत गेला होता. आल्यावर त्याला सांगितलं, कुठंतरी गेली असेल. तो सात दिवस शोधत होता. आठव्या दिवशी शोधायचा थांबला, न् माझ्याकडं नुसता बघत राहिला. त्याला कळलं होतं. तो मला अजून आई नाय, मावशी म्हणतो, तुम्हाला वाटतं घरातली सवय आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यानं मला उचलून मोरीत नेलं, मावशी म्हणतच नेलं. पंचेचाळीस वर्षं झाली. मी हे कुणालाच बोलले नाय, तुझ्या आजोबांनासुद्धा नाय. आज तुला कळवतेय, कारण रविवारला तीनच दिवस उरलेत. जावईबापू रागावले तर रागावू दे. माझं नाव पुढं कर, म्हण म्हातारी ऐकत नाय. न् चिंगीला भात घालताना ताटली निकिताच्या हातात दे, तू बाजूला बस.

तुझीच,
मालनआजी