दादाच्या डोळ्यातलं दार

प्रिय आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. प्रयोगशाळेत उंदरांच्या डोळ्यांसाठी अंधार ठेवतात, म्हणून कामाच्या खोलीला खिडकी नाही, दिवस लाल दिव्याच्या उजेडात जातो, पण ते आता अंगवळणी पडलंय. तुझे गुडघे कसे आहेत?

दादाला तिन्हीसांजेनंतर दिसेल असं औषध कधी निघणार, म्हणून विचारलंस. आई, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी सांध्यातून एकमेकींना निरोप देतात. त्या सांध्यात कॅल्शियम आत सोडणारं एक दार असतं. आमच्या ज्या उंदरांत ते दार होतं पण नुसतं बंद होतं, त्यांच्यात सांधा निदान जुळू तरी लागला. ज्यांच्यात दारच नव्हतं, त्यांच्यात नाही; आणि सांधे जुळतात ते लहानपणीच. दादाच्या तपासणीत आलंय, त्याच्यात दारच नाही. मी शोधत होते ते बंद दार उघडायचं औषध. त्याला त्याचा काय उपयोग?

आमच्या मुख्य बाई मात्र या नव्या शोधावर खूश. म्हणाल्या, "आता तुला कुठे सोडते मी!" माझा त्या खोलीत जीव घुसमटतो गं. घरी तोंड कसं दाखवू, आणि इथे राहू तरी कशासाठी?

काल दादाला फोनवर सारं सांगितलं. तर म्हणाला, "चिमणे, माझं जाऊ दे. ताईच्या बाळालाही हेच आहे ना? त्याचे सांधे अजून जुळत असतील, तर दार वेळेवर बसवता येईल?"

"कदाचित," मी म्हटलं.

"मग येऊ नकोस."

काम सोडून घरी यायचं तिकीट काढलं होतं, ते आज परत केलं. ताईला इतक्यात आशा लावू नकोस. बाळाचा पापा घे.

तुझीच,
चिमणी