आधी उजवीकडे, मग डावीकडे

२४ ऑगस्ट
सीझन तोंडावर आला. यंदा रोजनिशी ठेवायची. वाचणारा मी एकटाच, तेव्हा खोटं लिहिण्याचा प्रश्नच नाही.

गेल्या वर्षी आमच्या बेल्टन फोर्क कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने एक सामना जिंकला. त्याच्या आदल्या वर्षीही एकच. याला सातत्य म्हणतात. तरी गावात कुजबुज आहे की कोच डालग्रेनने, म्हणजे मी, आक्रमणाची पद्धत बदलावी. का? आमची पद्धत सरळ आहे. चेंडू पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि समोरच्याच्या अंगावर धावत जायचं. चेंडू हवेत फेकणं म्हणजे आपल्या हातचं दुसऱ्याच्या नशिबावर सोडणं. नेब्रास्काची माती धावण्यासाठी आहे.

संकल्प: पद्धत बदलणार नाही. चिडणार नाही. जेवणानंतर ॲपल पाय बंद.

७ सप्टेंबर, संध्याकाळ
हरलो. ३१–३. वारा विरुद्ध होता. आम्ही चेंडू फेकत नाही हे खरं, पण धावणाऱ्यालाही वारा लागतोच.

माझा सहायक टेविन ब्रुसार्ड येताना बसमध्ये शेजारी येऊन बसला. पोरगा लुइझियानाचा, तिशीतला, हुशार. फक्त विचार जास्त करतो. म्हणाला, "कोच, आपली पोरं रांगेत उभी राहिली की समोरची पोरं आपल्यालाच सांगतात, आता चेंडू कुठून जाणार ते."
मी म्हटलं, याला दरारा म्हणतात.
"बरोबर सांगतात, कोच. दर वेळी."
मी म्हटलं, मग?

ॲपल पाय, एक तुकडा. हरलेला दिवस धरायचा नाही.

१४ सप्टेंबर
४२–०. समोरच्या कोचने सामन्यानंतर माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, तुमच्याशी खेळायला आमच्या पोरांना फार आवडतं. लोकप्रियता अशी असते.

आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डावात चेंडू आधी ज्याच्या हाती येतो तो, मीका हॅलोरन सगळे गेल्यावर मैदानात एकटाच चेंडू फेकत होता. पार पलीकडच्या गोलपोस्टजवळ कचऱ्याचा डबा, त्यात. सगळे आत जात होते. त्याला समजावलं की ही ताकद वाया घालवू नकोस. म्हणाला, "कोच, मला दोन कॉलेजांतून फोन आलेत. पुढच्या वर्षी तिकडे ये म्हणतात." मी म्हटलं, सराव चालू असताना फोन बंद ठेवत जा.

१८ सप्टेंबर
जॉयस फ्रीडलने बोलावलं. ही कॉलेजच्या क्रीडा विभागाची प्रमुख. स्वभावाने बरी, बोलणं खोचक. म्हणाली, "ऑर्विल, मध्यंतरात आपला बँड वाजवत वाजवत मैदानात जितका पुढे जातो, तितकी तुमची टीम अख्ख्या सामन्यात जात नाही."
मी म्हटलं, बँडला कुणी अडवत नाही.
"काहीतरी बदला. नाहीतर मला बदलावं लागेल." काय बदलावं लागेल ते सांगितलं नाही. फर्निचर असावं. तिच्या ऑफिसातली खुर्ची खरंच डुगडुगते.

मी हट्टी माणूस नाही. रात्रभर विचार करायचं ठरवलं आणि नऊला झोपलो.

१९ सप्टेंबर
सुचलं! आमूलाग्र बदल. आजवर आम्ही आधी उजवीकडून धावत होतो. आता आधी डावीकडून. टेविनला सांगितलं. त्याने टोपी काढून चेहऱ्यावर धरली. भारावला असणार.

२१ सप्टेंबर
३८–०. योजना उत्तम, अंमलबजावणी कच्ची. आमचीच दोन पोरं एकमेकांवर आपटली. एकाला अजून डावं-उजवं ठरवता येत नाही.

घरी लोर्नाने खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले होते. वाढता वाढता म्हणाली, "आज डावीकडून सुरुवात केलीत, नाही का?" बायकोला गॅलरीत बसून कळतं म्हणजे योजना स्पष्ट आहे. तसं म्हणालो. ती म्हणाली, "ऑर्विल, माझ्या शेजारच्या बाईंना पण कळलं. त्या विणकाम करत होत्या."

रोल तीन. ते ॲपल पायमध्ये धरत नाहीत.

५ ऑक्टोबर, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा
गॅलरी खच्चून भरलेली. अर्ध्या वेळेपर्यंत २४–०. टेविन सारखा कानाशी. "एकदा फेकू द्या, कोच. एकदाच." शेवटी ठरवलं, होऊन जाऊ दे. हा प्रकार चालत नाही हे सर्वांसमक्ष एकदा सिद्ध केलेलं बरं.

मीकाने फेकला. चेंडू थेट शेवटच्या रेषेपार, आमच्या पोराच्या हातात. टचडाउन.

योगायोग. शास्त्रीय प्रयोग एकदा करून भागत नाही म्हणून पुन्हा करायला लावला. पुन्हा टचडाउन. पुरावा भरपूर झाला, तेव्हा पुन्हा धावायला सुरुवात केली. २४–१४.

गॅलरीतून "फेका! फेका!" असा गजर चालला होता. मागून एक म्हातारी खणखणीत आवाजात ओरडली, "चेंडू राहू दे, कोचला फेका!" माणसं उत्साहात काहीही बोलतात. त्यांना उत्तर देता देता माझा घसा बसला.

११ ऑक्टोबर
आवाज साफ गेला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर एक शब्द नाही. लोर्नाने त्यांचे दोनदा आभार मानले.

उद्या सामना. टेविनला खुणा शिकवल्या: बोट जमिनीकडे, म्हणजे धावा. मूठ, म्हणजे जोरात धावा.

१२ ऑक्टोबर
जिंकलो!! ३५–२१!

मी पहिल्यापासून जमिनीकडे बोट दाखवत होतो. टेविन मान डोलवायचा, "बसा, कोच, आराम करा," म्हणायचा आणि पोरांना फेकायला लावायचा. आधी संतापलो. मग तिसऱ्या टचडाउनला लक्षात आलं, की गेले काही आठवडे मी प्रतिस्पर्ध्यांना आमच्या धावण्याची जी सवय लावून ठेवली, तिचंच हे फळ. सापळा रचायला वेळ लागतो.

शेवटी पोरं खांद्यावर घ्यायला धावत आली. मी हात वर करून तयार राहिलो. ती बाजूने गेली आणि त्यांनी टेविनला उचललं. माझा गुडघा दुखरा आहे हे त्यांच्या लक्षात होतं. गुणी पोरं.

१४ ऑक्टोबर
गावच्या रेडिओवर मुलाखत. कुजबुजत दिली. नव्या पद्धतीची कल्पना कुणाची, असं विचारलं. मी टेविनचंही नाव घेतलं.

२ नोव्हेंबर
सलग चौथा विजय. मीका म्हणतो, कुठेच जाणार नाही, इथेच राहणार. मला मिठी मारायला आला असं वाटलं, पण माझ्यामागे पाण्याचा जार होता.

९ नोव्हेंबर, शेवटचा सामना
आवाज परत आला. सकाळी टेविनला सांगितलं, आजचे डाव मी सांगणार. त्याने स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर हेडसेट चढवला. "बोला, कोच. मनसोक्त बोला."

सामन्याच्या चारही भागांत बोललो. धावा म्हणालो की पोरं फेकत. उजवीकडे म्हणालो की डावीकडे फेकत. जिंकलो, २८–१७. हेडसेट परत करताना पाहिलं तर त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. पोरांनी न ऐकता माझ्या मनातलं ओळखलं म्हणायचं.

लोर्ना आज गॅलरीत उभी राहून ओरडत होती. आमच्या लग्नापासून मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. म्हणजे फुटबॉलसाठी.

११ नोव्हेंबर
जॉयसकडे गेलो. पुढल्या तीन वर्षांबद्दल काय बोलायचं ते आरशासमोर पाठ केलं होतं. तिने बसायला सांगितलं. पुढल्या वर्षी मुख्य कोच टेविन. मी मार्गदर्शक. म्हटलं, मार्गदर्शकाने काय करायचं? म्हणाली, "हवं तेव्हा या, ऑर्विल." मी बसल्या बसल्या मागेपुढे डोलून पाहिलं. डुगडुगली नाही. खुर्ची नवी होती.

माझ्या खोलीतलं सामान आवरायला गेलो. टेविनने तिथे आधीच फळा टांगला होता. त्यावर फेकण्याचे डाव, बाणच बाण. पाहत उभा राहिलो. एका डावात उजवीकडच्या पोराला जरा लवकर आत वळवलं तर तो मोकळा सापडेल, असं दिसलं. खडू घेऊन बाण वळवला. कसा वळवला मलाच कळलं नाही.

टेविन दारात उभा होता. जवळ येऊन बघितलं. म्हणाला, "कोच, हे चांगलंय. घेऊ या आपण."

खोकं उचललं. जाताना मागे वळून पाहिलं नाही.

खरं म्हणजे पाहिलं. तो माझा बाण पुसत होता.