नवऱ्याचं नाव

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची बोईसरला! इथल्याच सालवडला दोन खोल्या मिळाल्या. कपाट अजून जिन्यातच अडकलंय आणि नागोराव त्याला शिव्या घालतोय. त्याची कंपनी जवळ, आणि मलाही लगेच दवाखान्यात नोकरी. लकव्याच्या पेशंटच्या डोक्याला ओले स्पंज बांधायचे, बारीक करंट सोडायचा आणि प्रश्न विचारून आठवण जागी करायची. मुंग्या येतात, बाकी काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. नागोराव म्हणाला, मलाही लाव, तुझा वाढदिवस तरी लक्षात राहील. मेला!

६ नोव्हेंबर
पहिली पेशंट ठमीबाई, डोंगरपट्टीतली. मेंदूत गुठळी झाली होती. नवरा चिंधू दिवसभर दाराशी बसून असतो. ती स्पंजला घाबरली, म्हणून आधी मीच लावून घेतले आणि हसून दाखवलं. गाव, मुलं, नाचणी कधी पेरायची, सगळं तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं की मात्र गप्प. मी चूक म्हणून खूण केली. डॉक्टरांनी करंट वाढवायला सांगितला. हे नाव आल्याशिवाय घरी सोडायचं नाही म्हणाले.

१४ नोव्हेंबर
अजून गप्पच. रोज आधी मी लावून घेते, मग तेच तिला. धीर यावा म्हणून मीच मोठ्याने सांगते, माझा नवरा नागोराव, आता तुमचा सांगा. ती डोळे मिटून घेते. शेवटी आज चिंधूलाच विचारलं. तो लाजला.

“ती माजं नाव कशी घेल? आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय.”

कपाळावर हात मारून घेतला मी. तिला सगळं आठवत होतं आणि आम्ही उगाच करंट देत बसलो. फार लाज वाटली. उद्या सांगून तिला घरी सोडायला लावते.

१५ नोव्हेंबर
मी सांगायच्या आतच ठमी बोलली.

“माझा नवरा नागोराव.”

अगदी माझ्यासारखं, स्वच्छ. चिंधू आधी हसला, मग थांबला. डॉक्टरांना मी त्यांच्यातली रीत सांगितली. ते म्हणाले, पण आता उत्तर चुकलंय ना, चालू ठेवा. मी स्पंज भिजवले. आधी माझ्या डोक्याला.

१८ नोव्हेंबर
ठमी म्हणते, नागोराव दाढी करताना शीळ घालतो. मी कुणालाच हे सांगितलेलं नाही. मला तर आठवेना, घालतो का ते. सकाळी कान देऊन ऐकलं. घालतो. भीती वाटायला हवी होती. नुसत्या मुंग्या आल्या.

२१ नोव्हेंबर
ठमी चिंधूला ओळखेना. परका माणूस आहे, बाहेर काढा म्हणाली. तो रडला. मी जवळ बसले. त्याच्या गुडघ्यावर कोयत्याचा वण आहे. गवत कापताना लागला होता. मीच पाला चोळून बांधला — म्हणजे तिने —

२३ नोव्हेंबर
घरात एक माणूस आहे. बरा आहे. चहा करून देतो. विजया म्हणतो मला. मी ओ देते.

२४ नोव्हेंबर
आज स्पंज नाय लावले. तरी मुंग्या.
तो समोर बसलाय. रडतो. माझं नाव सांग म्हणतो — कोण मी तुझा, एवढं तरी —
कोनी नाय तो माजा.
मग नवऱ्याचं नाव काय, इचारतो. हाय ना आठवन. सगलं आठवतं. पन आमच्यात नाव घेत —