अंगठ्याची दोरी

प्रिय सायली,

बोलतेय मी, तुझी आजी; लिहितेय तुझी आई. अक्षर चांगलं दिसलं तर तिचं, शहाणपण दिसलं तर माझं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

दिवाळीत तू बुऱ्हाणपूरला आलीस तेव्हा तू शिकवतेस त्या क्लासच्या मुलांसाठी इंग्रजी वाक्यं काढत बसली होतीस. कुणाला सल्ला देण्याआधी म्हणायची वाक्यं. एक होतं, मी तुझ्या जोड्यांत पाय घातलाय. मी म्हटलं, आपल्याकडे दुसऱ्याच्या चपलांत पाय घालणाऱ्याला देवळाबाहेर धरून बदडतात. तू पोट धरून हसलीस. चौथा महिना होता तुला.

दुसरं मात्र मला पाठ झालं. ‘आय हॅव बीन देअर.’ मी तिथं जाऊन आलेय. ही रीत आवडली मला. आधी जाऊन यायचं, मग सांगायचं.

माझा उजव्या पायाचा अंगठा बसल्याबसल्या हलतो, म्हणून तुम्ही मला शिलाई मशीन म्हणता. तुझ्या बापाने, ललितने, डॉक्टर केला, गोळ्या आणल्या. गोळीने काय थांबतंय! त्या अंगठ्याला पाळण्याची दोरी असायची. हाताने भाकरी थापायची, पायाने पाळणा हलवायचा. ललितच्या आधी मला एक मुलगी होती. तापाने गेली. तिला तापीपलीकडे, जैनाबादच्या अंगाला मातीत ठेवून आले. आल्याआल्या पाळणा उतरवला. सासूबाई म्हणाल्या, आता तिचं नाव या घरात काढायचं नाही, म्हणजे विसरशील. त्या तिथं जाऊन आल्या नव्हत्या. मी ऐकलं. अजून संध्याकाळी चुलीपुढे बसले की दोरीला ओढ लागते. हलकीच, दूध पिऊन झोपलेल्या पोरीएवढी. मी वळून पाहत नाही.

तुझं बाळ गेलं तेव्हापासून तुझी आई तुला सांगतेय, झालं ते झालं, विसर, क्लासला जायला लाग. माया आहे त्यात. पण तीही तिथं गेलेली नाही. आत्ता तिचा हात थांबलाय. लिही गं प्रतिभा, कागद भिजवू नको. सायली, तू मनात नाव ठरवलं होतंस ना? फोन कर आणि ते मोठ्याने घे. आम्ही दोघी ऐकू. पहिलं मी घेते. माझ्या मुलीचं नाव वैजयंती. तुझ्या आईने ते लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. अंगठा थांबला नाही, पोरी. पण आज मी वळून पाहिलं.

तुझीच,
जाऊन आलेली आजी