खोलीत माणसं किती

रविवार, ८ एप्रिल

ताई,

नमस्कार. आई-बाबांना माझा नमस्कार सांग आणि तुझ्या वाट्याचा तू ठेवून घे. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते, वजन आहे तेवढंच आहे. एवढं आईला वाचून दाखव, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल.

फोनवर तू एसीचं विचारत होतीस तेव्हा मागून आईची सरबत्ती चालू होती, मला धड काही कळलं नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर कोंबडीचे पाय आहेत, सांभाळून घे.

डॉक्टरांनी बाबांना गारव्यात ठेवायला सांगितलंय तर आता पंख्याचे लाड पुरे झाले. पण दुकानात जाऊन नुसतं ‘चांगला एसी द्या’ म्हणू नकोस. असं म्हणणाऱ्याच्या गळ्यात दुकानदार मोठ्यातला मोठा मारतो. मोठा म्हणजे चांगला असं नसतं. मी ज्यांच्या हाताखाली आहे ते उस्ताद कुणाच्या घरी गेले की पाणी घ्यायच्या आधी चार गोष्टी विचारतात. त्याच मी तुला विचारतो. खोली किती बाय किती? टेपनं मोज, पावलांनी नको, तुझी पावलं आईसारखी एवढीशी. वर गच्ची आहे ती आहेच, पण दुपारची कुठली भिंत तापते? खिडकी घट्ट लागते का, की अजून दोरीनं बांधता? आणि खोलीत माणसं किती झोपतात?

शेवटचं ऐकून लोक हसतात. उस्ताद म्हणतात, हसू द्या, माणूस म्हणजे बसल्या जागी पेटलेली शेगडी. मशीनला प्रत्येकाची ऊब ओढून बाहेर टाकायची असते. तेव्हा मोजून सांग.

आता माझी गंमत ऐक. मी दिवसभर लोकांच्या झोपायच्या खोल्यांमध्ये असतो. उशा, औषधाच्या बाटल्या, पोरांनी भिंतीवर काढलेले हत्ती, सगळं बघतो. मशीन चढवायचं, पाईप जोडायचे, चालू करून थोडा वेळ थांबायचं. खोली गार व्हायला लागली की घरातले एकेक करून आत येतात. कुणी पलंगावर आडवं होतं, कुणी हात वर करून वारा बघतं, घरभर हसणं सुरू होतं. आणि खोली गार झाली की आमचं काम संपतं. मी हत्यारं गोळा करतो.

माझ्या स्वतःच्या खोलीत पंखा आहे. दिव्याखाली अंधार. पण पंख्याचा आवाज असतो, तेवढाच बरा वाटतो.

यायचं विचारलंस. बघतो.

मापं लवकर कळव. बाबांना दुपारी गच्चीखाली झोपू देऊ नका.

तुझा,
भिंगरी
(बाबांनी ठेवलेलं नाव आहे, बाबांनाच दाखव. कुठे टिकत नाही म्हणायचे ना.)


रविवार, २९ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. मापं एकदम फक्कड. दहा बाय अकरा, भिंत पश्चिमेची, खिडकीची दोरी सुटून कडी लागली. शाबास. इथपर्यंत मी चहा पीत वाचत होतो. मग चौथं उत्तर आलं. माणसं, चार.

मला वाटलं, कुणी राहायला आलंय. मग तुझ्या बारीक अक्षरातलं वाचलं. तू तीन लिहिले होतेस, बाबांनी खोडून चार करायला लावले. वर म्हणाले, बसवायला तोच येईल, दुसऱ्या कुणाला मी भिंतीला हात लावू देणार नाही. म्हणून एसी अजून दुकानातच आहे आणि बाबा दुपारभर ओला पंचा घेऊन जिन्यात बसतात.

फोनवर हाच माणूस ‘बरा आहेस ना’ विचारतो आणि मी तोंड उघडायच्या आत फोन तुझ्या हातात देतो.

इथे एक आजी आहेत. मशीन बिघडलंय म्हणून त्यांनी तीनदा बोलावलं. आम्ही गेलो की मशीन धडधाकट. झपाट्यानं खोली गार करायचं आणि आपोआप थांबायचं. हवा तशीच दमट, चादरी ओलसर, भिंतीला बुरशीचा वास. खोलीच्या मानानं मशीन फार मोठं असलं की असं होतं, त्याला पाणी ओढायला वेळच मिळत नाही. उस्तादांनी विचारलं, आजी, दुकानात काय सांगितलं होतं? म्हणाल्या, सहा जण. दोन मुलगे, दोन सुना, नातू आणि मी. पलंगावर सहा उशा रचलेल्या होत्या, चार अजून प्लॅस्टिकमध्ये. त्यांनी आम्हांला चहा दिला, आणि तो आम्ही हळूहळू प्यावा म्हणून स्वतः समोर बसून राहिल्या. जिना उतरताना उस्ताद मला एवढंच म्हणाले, “मशीन बरोबर आहे रे. माणसं कमी आहेत.”

तुझं पत्र आल्यावर मी आपली खोली कागदावर काढून उस्तादांपुढे ठेवली. घर कुणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, काठावरची खोली आहे. तिघांना एक टन भरपूर, चौघांना दीड लागेल. इन्व्हर्टरवालं मशीन गरजेपुरतं हळू चालतं, पण खाली उतरायची त्याचीही एक हद्द असते. मग म्हणाले, “गिऱ्हाइकाला नीट विचार. हा चौथा रोजचा आहे, का येणारा-जाणारा?”

मी म्हटलं, विचारून सांगतो.

ताई, मागच्या पत्रात मी ‘बघतो’ लिहिलं तेव्हा बघायचं काही उरलं नव्हतं. उस्तादांचे गुडघे गेलेत, त्यांच्याच्यानं शिडी चढवत नाही. गाडी आणि हत्यारं माझ्या हवाली करतायत, वर दोन माणसं देतायत. त्यांनी दोन वर्षं थांबशील का विचारलं आणि मी हो म्हणालो. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. भिंगरी पहिल्यांदा एका जागी थांबली, पण कुठे, तर इथे. हे सांगायला त्या दिवशी मी घरी आलो, आणि घरी म्हणजे पंखा. कुणाला सांगणार? तुम्हांला सांगितलं असतं तर येत नाही हेही सांगावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत बसलो आणि तिकडे बाबा जिन्यात.

तेव्हा आता माझी वाट बघू नका. उद्याच्या उद्या दुकानात जा. एक टनाचा घे, इन्व्हर्टर. माणसं तीन सांग.

बसवणारा येईल त्याच्यापाशी उभी राहा. वारा बाबांच्या अंगावर सरळ येता कामा नये, त्यांची खाट खिडकीच्या बाजूला सरकव. पाण्याच्या नळीला उतार आहे ना बघ, नाहीतर पाणी खोलीत येईल. मशीनचा बाहेरचा डबा पश्चिमेच्या उन्हात लावू देऊ नकोस, बसवणारा कंटाळा करेल आणि तिथेच लावतो म्हणेल. माझा भाऊ हेच काम करतो असं सांग, मग ऐकेल. आणि खोली गार झाल्यावर तो हत्यारं भरायला लागेल तेव्हा त्याला बस म्हण. पाणी दे. दोन मिनिटं बसला तर बसू दे.

बाबांना हे सगळं तू तुझ्या शब्दांत सांगू नकोस, तू गोड करून सांगशील. हे पत्रच वाचून दाखव. ते कुशीवर वळतील. वळू दे. एवढंच सांग की भिंतीला हात लावणारा माझ्याच धंद्यातला आहे, त्याचंही घर कुठेतरी लांब असेल.

त्यांनी केलेला चार मात्र खोडू नकोस, तो कागद ठेव. मशीन तिघांचं आहे. कधी मी आलो आणि चौघं एका खोलीत झोपलो, तर खोली नीट गार व्हायची नाही. उकडेल थोडं.

उकडू दे.

तुमचा,
चौथा