सासूला लागून चेंडू आत

चि. सौ. धाकटीस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे होते तिथेच आहेत. मेहुण्यांना माझा नमस्कार सांग, ऐकू गेला तर.

लेकीकडे येऊन दीड महिना झाला. जावई मोठ्या हॉटेलाच्या गोल्फच्या मैदानावर गवत राखतो, हे तुला ठाऊक आहेच. तिथे चांगली शहाणीसुरती माणसं काठीने चेंडू लांब मारतात आणि मग स्वतःच त्याला शोधत हिंडतात. अशी अठरा भोकं. ज्याचे फटके सगळ्यात कमी, तो पहिला. (म्हणजे शाळेत मी हुशारच होते, मास्तर उलटे मोजत होते.) त्यातल्या चौदाव्या भोकाला सगळे 'सासू' म्हणतात. अलीकडे वाळूचा खड्डा, पलीकडे तळं, मधे घसरतं गवत. कितीही जपून वागा, प्रसन्न म्हणून होत नाही. मी जावयाकडे नुसतं बघितलं. तो घाईघाईने म्हणाला, "आई, नाव माझ्या लग्नाआधीचं आहे."

तिथे चार फटक्यांत चेंडू आत जायला हवा. सव्वीस वर्षं स्पर्धा चाललीय, एकालाही जमलं नाही. एक जण सहा फटक्यांनी पुढे होता, सासूपाशी त्याला अकरा लागले. आता तो मधमाश्या पाळतो. एकाची काठ्यांची पिशवी त्याची बायकोच वाहत होती. वाळूत उतरला तेव्हा संसार होता, वर आला तेव्हा नुसती पिशवी.

यंदा मालकांनी सांगून टाकलं, की पाहुणे चिडून परत येत नाहीत. या वेळीही चारांत कुणाला जमलं नाही, तर सासू बुजवून तिथे पोहण्याचा तलाव करायचा. जावयाने ते गवत एकोणीस वर्षं वाढवलंय, कडा कात्रीने कापतो. (स्वतःची दाढी आठवड्यातून एकदा.) त्याला अन्न गोड लागेना. लेक माझ्यावरच करवादायची, की घरातले मोजे कपाटाखाली जातात कसे.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मी तळ्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसले. एकेक जण सहा-सात-नऊ करून, तोंड पाडून गेला. उरला एक दातांचा डॉक्टर. त्याचा चौथा फटका भोकावरून टुणकन उडाला, तळ्याकडे निघाला, माझ्या चालायच्या काठीला लागला, मागे फिरला आणि उतारावरून सावकाश घरंगळत आत गेला.

पंच धापा टाकत आला. बघणाऱ्याला चुकून लागला तर धरतात, मुद्दाम अडवला तर नाही, असा त्यांचा नियम. "आजी, मुद्दाम केलंत का?" मी छातीवरची हनुवटी उचलली. "काय लागलं? माझा तर डोळा लागला होता." तुम्ही कोण, विचारलंन. खरं तेच सांगितलं, सासू. त्याने वहीत लिहिलंन: 'सासूपाशी, सासूला लागून चेंडू आत. फटके चार.'

तलाव रद्द. जावई दोनदा वाढून घेऊन जेवला आणि म्हणाला, "आई, अजून महिनाभर राहा." लग्नानंतर पहिल्यांदा.

तुझी ताई

ता. क. पंचांच्या कचेरीतून तुला चौकशीचं पत्र येईल, मी तुझं नाव दिलंय. ताईला मोतीबिंदू आहे, समोरचा हत्ती दिसत नाही, असं दहा वर्षं सगळ्यांना सांगत असतेस, तेच लिही.

आणखी एक ता. क. ऑपरेशन गेल्या महिन्यातच झालं. चेंडू दातांच्या डॉक्टरच्या काठीवरून सुटला तेव्हाच दिसला. घरात महिनाभर त्याच काठीने मोज्यांच्या गुंडाळ्या परतवून हात बसला होता. हे मेहुण्यांना वाचून दाखवू नको. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलंस, तर पंचालाही ऐकू जाईल.