डबा परत बसवला

एकोडी, मंगळवार, संध्याकाळ

दादा अजून अंगणात बडबडतो आहे. बडबडू दे. डबा मी काढणार नाही.

त्यानंच मागे आमच्या मासळीच्या टेम्पोचा एअर फिल्टरचा डबा काढून तिथे उघडा फिल्टर लावला होता, गाडी दमदार वाटावी म्हणून. तेव्हापासून इंजिन हवा ओढताना असं गुरगुरायचं, की बाबा गाडीत बसले रे बसले की कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात ठेवायचे. साकोलीच्या बाजारापर्यंत आम्ही बापलेक एक शब्द न बोलता जायचो. मला वाटायचं, त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही. काय काय मनात आणत होते मी!

आज लाखनीच्या मिस्त्रीकडून जुना डबा परत बसवून घेतला. त्याचा चिरलेला रबरी पाईपही बदलला. गुरगुर थांबली. येताना यंत्र बाबांच्या कानातच होतं. कानातच! हायवेवर म्हणाले, "तू गाडी चालवता चालवता गाने म्हनतेस व? मले मालूमच नोहतं."

घरी येताच दादा ओरडला, "गाडीची जानच काढली तू! काहून हात लावला?"

"गाडी चालवते कोन? मी. बाबा बसते कोनापाशी? माह्यापाशी."

"उद्या काढून फेकतो तो डबा!"

"काढून तं पाह्य."

तो आणखी चढ्या आवाजात काही बोलणार, तोच ओसरीवरून बाबा म्हणाले, "हळू बोल. आयकू येते मले."